माळ्यावरच्या राऊटरला काम द्या

इंटरनेट देणारी कंपनी बदलली की नवा राऊटर येतो आणि जुना माळ्यावर जातो. बहुतेकदा तो धडधाकट असतो. आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नसेल, तर नवं काही विकत घेण्याआधी तो खाली काढावा.

आपण ज्याला राऊटर म्हणतो, त्या डब्यात खरं तर चार यंत्रं असतात. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या जगात एकाच पत्त्यावर वावरू देणारा राऊटर, घरातल्या घरात पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, केबली जोडणारा स्विच आणि रेडिओ, म्हणजेच ॲक्सेस पॉइंट. घरात किंवा ऑफिसात वेगळी फायरवॉल असेल (जुन्या संगणकावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स चढवून ती मोफत उभी करता येते), तर पहिली दोन कामं तीच करते. जुन्या राऊटरकडून आपल्याला फक्त स्विच आणि रेडिओ हवा आहे.

गाडी अडते ती केबल लावताना. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेलं पोर्ट समोर दिसतं आणि फायरवॉलची केबल सवयीने तिथेच जाते. मग पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. मागचे सगळे मोबाइल आणि लॅपटॉप फायरवॉलला एकच उपकरण वाटतात, त्यामुळे त्यातलं नेमकं कोणतं भलत्याच ठिकाणी जातंय हे तिला कळत नाही. केबलवरचा प्रिंटरही वायफायवरच्या मोबाइलला आपोआप सापडेनासा होतो. म्हणून वॅन पोर्ट रिकामं ठेवायचं आणि केबल ‘लॅन’च्या पोर्टात लावायची.

त्याआधी राऊटर एकटाच संगणकाला जोडून, रीसेट करून, त्याचा पत्ता बदलावा. फायरवॉल १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, फक्त तो फायरवॉल वाटत असलेल्या पत्त्यांपैकी नसावा. मग डीएचसीपी बंद करायचं. हे राहून गेलं तर होणारा घोळ शोधायला फार कठीण. नेटवर्कवर आलेला मोबाइल पत्त्यासाठी सगळ्यांनाच हाक मारतो आणि सहसा जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. जुन्या राऊटरने आधी उत्तर दिलं, तर बाहेर जायची वाट म्हणून तो स्वतःकडेच बोट दाखवतो, आणि त्याला तर बाहेरची वाटच नाही! वायफायच्या रेघा पूर्ण, इंटरनेट मात्र नाही. शेजारच्याच मोबाइलवर सगळं सुरळीत.

रेडिओसाठी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेलं चॅनेल निवडावं. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

वयाचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा. वेप ही जुनी कुलूपव्यवस्था २००१ मध्येच फोडली गेली. तिच्याहून भक्कम डब्ल्यूपीए२ आलं २००४ मध्ये. ज्या राऊटरला तेही जमत नाही, त्याचा रेडिओ बंद करून नुसता स्विच म्हणून वापरावा. लिंक्सिसचा २००२ चा डब्ल्यूआरटी५४जी हा या छंदाचा मूळपुरुष. त्याच्या खुल्या झालेल्या लिनक्स कोडमधूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरवर चढवायची खुली प्रणाली उभी राहिली. पण ४ एमबी फ्लॅशच्या तशा यंत्रांवर आजची आवृत्ती बसत नाही. फायरवॉलमागे असल्यामुळे इंटरनेटवरून होणारे हल्ले टळतात हे खरं, पण जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला रेडिओ ऐकू येतोच.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. अशा जोडणीत वायफायवरून केबलवरच्या संगणकाकडे जाणारी माहिती फायरवॉलमधून जातच नाही; स्विच ती परस्पर पोहोचवतो. दुकानात किंवा दवाखान्यात गिऱ्हाइकांना, रुग्णांना वायफाय द्यायचं असेल, तर जुन्या राऊटरची केबल फायरवॉलच्या वेगळ्या पोर्टावर घ्यावी, तिथे १९२.१६८.२ ने सुरू होणारे पत्ते वाटावेत आणि तिथून आतल्या नेटवर्ककडे जाणारी वाट नियम लिहून बंद करावी. मग आलेल्यांना इंटरनेट मिळतं, पण हिशेबाच्या संगणकापर्यंत जाता येत नाही.