चेन उतारावरच का पडते?

‘चेन पडली’ हे दोन शब्द सायकल चालवलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे. सायकल कडेला घ्यायची, काळ्या हातांनी चेन दातांवर बसवायची, पेडल फिरवून बघायचं आणि निघायचं. टेकडीवर माउंटन बाइक चालवू लागलो तेव्हा या जुन्याच त्रासातली एक गोष्ट मला चक्रावून टाकू लागली. वेताळ टेकडीचा चढ चढताना मी पेडलवर उभा राहून अंगातला सगळा जोर लावायचो, तरी चेन जागची हलत नसे. ती पडायची उतरताना. पाय स्थिर ठेवून दगडगोट्यांवरून सायकल सोडून दिलेली असायची. उतार संपला, पुढच्या चढासाठी पेडल दाबलं, की पाय काहीही न अडता खाली जायचा आणि तोल जायचा.

जोर लावल्यावर चेन टिकते आणि जोर काढला की पडते. असं का होतं हे कळलं, तर चेनला जागेवर राखणारा चेन गाइड कोणता घ्यायचा हेही बरंचसं कळतं आणि पैसेही वाचतात.

ताणलेली तार, सैल तार

चेनचे दोन पदर असतात. वरचा पदर मागच्या चक्राकडून पेडलजवळच्या दातेरी चक्राकडे, म्हणजे चेनरिंगकडे ओढला जातो. खालचा पदर मागे परततो आणि जाताना गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरच्या दोन छोट्या चक्रांमधून जातो. पेडल मारताना ताण येतो तो फक्त वरच्या पदरावर. किती? ७० किलो वजनाचा माणूस आडव्या पेडलवर उभा आहे असं समजू. पेडलच्या दांड्याची, म्हणजे क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर आणि ३२ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या साधारण साडेसहा सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने जोर सुमारे २.६ पट होतो, म्हणजे वरच्या पदराला १८० किलोचं ओझं टांगल्याइतका ताण बसतो. इतकी ताणलेली चेन उडणार कशी?

पाय थांबले की हा ताण क्षणात नाहीसा होतो. उरतो तो फक्त मागच्या डिरेलरच्या स्प्रिंगचा ताण. समजा, तो दीड किलो वजनाइतका आहे. इथे तंबोऱ्याची तार आठवा. तार ताणली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो. चेनही तशीच कंप पावते. एक मीटर चेनचं वजन सुमारे १६० ग्रॅम आणि मोकळ्या पदराची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर चढावर चेनची नैसर्गिक कंपनं सेकंदाला १२० च्या आसपास येतात आणि उतारावर अवघी ११.

आता वाटेकडे बघू. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धावते आहे आणि दर अर्ध्या मीटरवर एक दगड आहे. सेकंदाला दहा धक्के बसले. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत गेलं, की झोका उंच जातो. सैल चेनलाही दगड जवळपास तिच्याच लयीत धक्के देत राहतात. त्यातच प्रत्येक धक्क्याला डिरेलरची छोटी चक्रं धरणारा पिंजरा पुढे झुकतो आणि चेनला आणखी ढील मिळते. चेन दातांवरून काही मिलिमीटर उचलली गेली आणि त्याच वेळी बाजूला सरकली, की ती उतरते.

उतारावर चेनला जवळजवळ कामच नसतं. जून २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांग इथल्या डाउनहिल विश्वचषक शर्यतीत अमेरिकेच्या आरोन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. तरीही केवळ उताराच्या आणि कौशल्याच्या बळावर खाली येऊन त्याने ती शर्यत जिंकली. आपल्या टेकडीवर मात्र उतारानंतर लगेच चढ येतो आणि तिथे चेन जागेवर लागतेच.

पुढचा डिरेलर गेला आणि प्रश्न आला

चेनरिंग दोन किंवा तीन असत, तेव्हा गिअर बदलण्यासाठी पुढे एक डिरेलर असे. त्याचा धातूचा पिंजरा चेनच्या दोन्ही बाजूंना उभा राहून नकळत राखणही करत असे. पुढे एकच चेनरिंग ठेवायची पद्धत रुळली, पुढचा डिरेलर निघाला आणि त्याच्याबरोबर ही राखणही गेली.

त्यावर दोन सुरेख उपाय निघाले. पहिला, क्लच असलेला मागचा डिरेलर. शिमानो कंपनीने २०११ च्या सुमारास तो माउंटन बाइकसाठी आणला. त्यातलं घर्षण पिंजऱ्याला पुढे झुकू देत नाही, पण चेन ओढून घ्यायला मात्र त्याला मोकळीक असते. दुसरा उपाय स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स-१ या संचात दिला. चेनमध्ये एक कडी अरुंद, पुढची रुंद असा क्रम असतो. मग चेनरिंगचे सगळे दात सारखे कशाला? एक दात बारीक, एक जाड अशी आलटून पालटून रचना केली, तर प्रत्येक दात आपापल्या कडीत घट्ट बसतो. हीच ‘नॅरो-वाइड’ चेनरिंग. जोड्या जुळाव्यात म्हणून तिच्या दातांची संख्या नेहमी सम असते: ३०, ३२, ३४.

खरेदीआधी मोजा

गाइड घेण्याआधी एक काम घरीच करता येतं. सायकलच्या चेनमध्ये दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. टेपचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि २४ पिना पुढे मोजा. ती पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक-सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन सुमारे अर्धा टक्का वाढली आहे. लोखंड ताणलं गेलेलं नसतं. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजलेला असतो. अशी चेन बाजूलाही जास्त लचकते. ११ किंवा १२ गिअरच्या सायकलवर ती इथेच बदलावी. चेनरिंगचे दात शार्कच्या पंखासारखे वाकलेले दिसले, तर तीही बदलायला हवी. झिजलेल्या दातांवर नवा गाइड बसवणं हे गळक्या छताखाली बादली ठेवण्यासारखं आहे.

चेन गरजेपेक्षा लांब आहे का, हेही बघा. डिरेलर वगळून सर्वांत मोठं मागचं चक्र आणि चेनरिंग यांभोवती चेन गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतात, त्यापुढे एक अरुंद आणि एक रुंद कडी, म्हणजे एक इंच जास्त ठेवा. मागे सस्पेन्शन असेल, तर ते पूर्ण दाबून मोजावं.

कोणता गाइड घ्यावा?

एवढं करूनही चेन पडत असेल, तर गाइड हवाच. पेडल मारताना चेन चेनरिंगवर वरून चढते आणि खालून सुटते. ती भरकटते तेही बहुतेक वेळा वरच्याच तोंडाशी. म्हणून बहुतेकांना वरचा छोटा गाइड पुरतो आणि सगळ्यात स्वस्त पर्यायही तोच असतो. तो चेनला ओढत नाही की दाबत नाही, फक्त उडायला जागा देत नाही. नीट बसवला, तर चेनला टेकतही नाही, त्यामुळे घर्षणही वाढत नाही. खाली फिरणारं चक्र आणि दगडापासून वाचवणारी ढाल असलेला पूर्ण गाइड डाउनहिल शर्यतींसाठी योग्य. तो जड असतो, आवाज करतो आणि त्यात चिखल अडकतो.

किमतीआधी सायकलची चौकट बघा. क्रँकजवळ गाइडसाठी तीन छिद्रांचे कान असतील, तर आयएससीजी-०५ मापाचा गाइड बसतो. मध्यम किमतीच्या सायकलींना बहुधा हे कान नसतात. तिथे सीटखालच्या नळीला पट्ट्याने आवळायचा गाइड घ्यावा. मात्र नळी त्या जागी गोल हवी आणि तिचा व्यास जुळायला हवा: २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटर. गाइड उंचीला आणि आडवा, दोन्हीकडे सरकवता येतो ना, आणि चेन न तोडता उघडता येतो ना, हे दुकानातच तपासा. चेनला लागणारा भाग नायलॉनसारख्या प्लास्टिकचा असला तरी चालतो, धातूपेक्षा तो आवाजही कमी करतो.

तीन चेनरिंगच्या जुन्या सायकलवर एकच चेनरिंग ठेवली असेल, तर काहीच विकत न घेता काम भागू शकतं. काढलेला पुढचा डिरेलर परत लावा, लिमिट स्क्रू फिरवून त्याचा पिंजरा चेनच्या बरोबर वर आणा आणि तिथेच पक्का करा. पिंजरा रुंद असल्याने कधीमधी चेन त्याला घासेल, पण राखण होईल.

बसवून झाल्यावर मागचं चाक उचलून पेडल फिरवा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या चक्रावर चेन नेऊन बघा. दोन्हीकडे चेन आणि गाइडमध्ये एक-दोन मिलिमीटर फट दिसायला हवी.

मी स्वतः हेच केलं. आधी चेन मोजली. ती अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलेली निघाली, म्हणून बदलली. मग नॅरो-वाइड चेनरिंग आणि नळीवर आवळलेला साधा वरचा गाइड. आता टेकडीवरून दगडांतून उतरताना मागे चेनची खडखड ऐकू येते, चेन उडते आहे हेही जाणवतं. उतार संपतो, मी पेडल दाबतो आणि पायाखाली ओझं लागतं. पुढचा चढ सुरू झालेला असतो.