हेळव्याची वही

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आणि आसपासच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत वारसाच्या कागदाची किंमत लोकांना चांगली ठाऊक आहे. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीस वर्षांत कित्येक कामगार वारले. ज्याच्या घामाचे पैसे तो गेल्यावर, त्याचे आपण कोण हे कागदावर दाखवल्याशिवाय घरच्यांच्या हाती ते पडणार कसे? मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, वारस दाखला, हयात असलेल्या भावाबहिणींच्या सह्या अशी जमवाजमव अशा वेळी करावीच लागते.

मराठी मुलखातल्या कुणब्याला ही जमवाजमव नवी नाही. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे गेला की मूळ पुरुषापासूनची वंशावळ मांडावी लागे आणि निवाड्याचा महजर होई. १८५२ साली इंग्रजांनी कायद्यानं इनाम कमिशन बसवलं, तेव्हा इनामदारांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा आणि वंशावळी पुढे कराव्या लागल्या. आणि २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना घरोघरून बोलावणी येऊ लागली. काही द्यायचं-घ्यायचं असलं की सरकार तुमचा पणजोबा विचारतं; एरवी कोणी विचारत नाही.

कोणी विचारत नसतानाही पणजोबाची आठवण ठेवणारा एक माणूस मात्र दक्षिण महाराष्ट्रात आहे. तो म्हणजे हेळवी.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांत हेळवी काही वर्षांच्या अंतरानं येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवरही येतो. सुगी होऊन खळं उरकलं की त्याची फेरी. प्रत्येक हेळव्याची गावं आणि त्या गावांतली घराणी ठरलेली असतात. ती त्याला बापाकडून आलेली. हेळव्यांच्या घरात वाटण्या झाल्या की शेतजमिनीसारखी ही गावंही भावाभावांत वाटली जातात. दुसऱ्याच्या गावात जाऊन पिढ्या सांगायच्या नाहीत, हा त्यांच्यातला दंडक.

सोप्यात घोंगडं अंथरलं जातं. भाऊबंद गोळा होतात. मग हेळवी वही उघडून एका लयीत वाचू लागतो: मूळ गाव कोणतं, तिथून कोण निघाला, का निघाला, कुठल्या गावात येऊन राहिला, त्याला मुलं किती, कोणाचा वंश वाढला, कोणाचा खुंटला, कोणी दत्तक घेतला, कोणाची वाटणी झाली. ऐकणाऱ्यांत एखादा म्हातारा मध्येच मान डोलावतो, कारण आजाच्या तोंडून ऐकलेलं नाव इतक्या वर्षांनी पुन्हा कानावर पडलेलं असतं. वाचून झालं की मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायची. मग पायली-दोन पायल्या जोंधळे, कपडा, पैसे, आणि ऐपत असेल त्या घरातून एखादं जनावरही.

या समाजाचा उगम सांगताना बसवेश्वरांशी जोडलेली एक आख्यायिका सांगतात. ती खरी-खोटी करण्याची गरज मला वाटत नाही. महाराष्ट्र सरकारच्या यादीत हेळवे भटक्या जमातींत मोडतात. इतरांच्या दहा-बारा पिढ्यांचा पत्ता ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच स्वतःचा कायमचा पत्ता मिळायला इतकी वर्षं लागावीत, याचं वाईट वाटतं.

दुसरी वही तीर्थोपाध्यायांकडे. नाशिकच्या पंचवटीत, त्र्यंबकेश्वरी, उज्जैनला, काशी-गयेला. तिथं आपण जायचं असतं. आडनाव आणि गाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि आजोबांनी अस्थी घेऊन येताना स्वतःच्या हातानं केलेला लेख समोर ठेवतात. जुने लेख मोडीत, पुढचे बाळबोध लिपीत. पण तीर्थाला जायला सवड आणि पैसा लागतो. ज्याच्या चार पिढ्यांत कोणी नाशिक पाहिलं नाही, त्याचं नाव तिथं नाही. हेळवी त्याच्याही दारी येतो, म्हणून शेतकऱ्याच्या इतिहासात मी हेळव्याला वरचं पान देतो.

शेतकऱ्याचा वंश दुसऱ्या कोणी लिहून ठेवण्याची ही रीत जगात इतरत्रही सापडते. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती क्वेकर पंथ उभा राहिला. विल्यम पेन यांना १६८१ साली पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि या पंथाचे शेतकरी अमेरिकेत जाऊन जंगल तोडून शेती करू लागले. त्यांच्यात बाप्तिस्मा नाही, पगारी पाद्रीही नाही, त्यामुळे चर्चच्या दप्तरात त्यांचं नाव यायचं कारण नव्हतं. त्यांनी स्वतःचं दप्तर ठेवलं. दर महिन्याच्या सभेचा कारकून जन्म, लग्न आणि मृत्यू लिहून ठेवी. काही महिन्यांची नावं रोमन देवांवरून पडलेली म्हणून ती टाळून पहिला महिना, दुसरा महिना असं लिहीत. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांचा पहिला महिना मार्च. हे ठाऊक नसलं तर संशोधकाचा हिशेब दोन महिन्यांनी चुकतो. लग्नाच्या कागदावर जमलेली सगळी माणसं सही करत, बायकाही. एखादं कुटुंब नव्या वसाहतीत निघालं की जुन्या सभेकडून दाखला घेऊन जाई आणि नव्या सभेत तो नोंदला जाई. त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं याचा माग आजही लागतो. पंथाबाहेर लग्न केलं तर सभेतून काढून टाकत, आणि तेही लिहून ठेवत. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्या सभासदांनाही हाच नियम लावला. हे लोक पुढे आपल्याकडेही आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचं मिशन नर्मदाकाठी होशंगाबादला होतं, म्हणजे इंदूरहून फार दूर नाही.

या दोन दप्तरांत मला एक मोठा फरक दिसतो. क्वेकरांची नोंद सभेची, म्हणून ती सभेच्या कपाटात राहिली आणि पुढे ग्रंथालयांत गेली. हेळव्याची नोंद हे त्याचं पोट. वही दुसऱ्याच्या हाती दिली तर उद्या त्याला दारात कोण उभं करणार? हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं सूक्ष्मचित्रण यूटातल्या वंशशास्त्र संस्थेनं १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केलं. तसं काम हेळव्यांच्या वह्यांचं व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं, कारण त्यांची मुलं शाळा-कॉलेजात जाऊन दुसऱ्या कामाला लागत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण वहीची मालकी हेळव्याची राहिली पाहिजे आणि प्रत दिल्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे.

वंशवृक्षाला कायद्यातही जागा आहे. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२नं मृत व्यक्तीनं वाद उद्भवण्याआधी कुटुंबाच्या वंशवृक्षात लिहून ठेवलेली नात्याची नोंद ग्राह्य धरली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. अर्थात वही कोणी, केव्हा लिहिली हे न्यायालय तपासतंच, आणि तपासावंच.

या वह्यांत एक उणीव आहे. वंश बापाकडून मुलाकडे चालतो. लेक लग्न होऊन गेली की बहुतेक वेळा तिची ओळ तिथंच थांबते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण वहीत तिला तेवढी जागा अजून मिळालेली नाही. ती द्यायला नवा कायदा लागत नाही. हेळवी नावं लिहायला बसला की घरातल्यांनी लेकींची, सुनांची, त्यांच्या माहेरच्या गावांची नावं सांगायची. पोटासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशीपुऱ्यासारख्या वस्तीत जाऊन राहिलेल्या भावकीचीही सांगायची. हेळवी लिहून घेईल. त्यापोटी चार पायल्या जास्त गेल्या तर जाऊ द्याव्यात.