घरांत चित्र आणि आवाज यांची वांटणी

घुग्घुस येथें नवें घर बांधावयास घेतलें म्हणजे मालक विटा, वाळू आणि सळ्या यांची चौकशी महिनोमहिने करीत असतो. सिमेंटाचा कारखाना गांवालाच लागून असल्यामुळें सिमेंटाविषयीं स्वतःचें मत नसलेला गृहस्थ तेथें सांपडणें कठीण. पण स्लॅब ओतण्यापूर्वीं तारांच्या नळ्या टाकण्याचा दिवस आला कीं, सारा कारभार वायरमनवर सोपविला जातो. टीव्ही कोणत्या खोलींत बसणार, एवढेंच तो विचारतो. बैठकीच्या, असें उत्तर मिळतें आणि प्रश्न मिटतो. चार वर्षांनीं घरांतील वडील माणसाची खाट मागच्या खोलींत जाते. बैठकींतील गोंगाट त्याला सोसवत नाहीं, आणि बातम्या व भजनें ऐकल्यावांचून त्याचा दिवस जात नाहीं. मग खिडकीच्या जाळीला भोक पाडून काळी तार ओढली जाते.

पूर्वीं तेवढ्यानें भागत असे. एका तारेला दुभाजक लावला कीं दोन संच चालत. चित्र किंचित् फिकें दिसे, कारण दुभाजक येणारी शक्ति निम्मी निम्मी वांटून टाकतो. पुढें केबलचें प्रक्षेपण अंकीय झालें. त्याच्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. तेव्हांपासून प्रत्येक संचाला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स लागतो, आणि दुसऱ्या पेटीबरोबर महिन्याचें दुसरें भाडेंही सुरू होतें. मागच्या खोलींतील एका श्रोत्यासाठीं तो खर्च अनेकांना जड वाटतो.

तेव्हां बैठकींतील एकाच पेटींतून निघालेलें चित्र व आवाज मागच्या खोलीपर्यंत न्यावयाचा कसा? पेटी आणि संच यांना जोडणारी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरांपुढें सहसा भरंवशाची राहत नाहीं. हें काम संगणकासाठीं वापरली जाणारी नेटवर्कची तार उत्तम करते.

या तारेच्या आंत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, आणि त्या दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. तिची सारी विद्या या पिळांत आहे. जोडीच्या एका तारेंतून संदेश सुलटा जातो, दुसरींतून उलटा. पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढा मोजतें. वाटेंत पंख्याचा किंवा मोटारीचा विद्युत्-उपद्रव झाला, तर पिळामुळें तो दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखें वजन टाकल्यास कांटा हलत नाहीं, तसाच तो उपद्रव फरकांतून गळून जातो. पिळलेल्या जोडीचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं घेतलें. त्याच वर्षीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेरागृहांतील गायन टेलिफोनच्या तारांतून लोकांच्या दोन्ही कानांना ऐकविलें. तारेवरून गाणें घरीं आणण्याची कल्पना नभोवाणीहून जुनी आहे ती अशी.

आज या तारेवरून चित्र नेण्याच्या दोन मुख्य पद्धति आहेत, आणि दुकानांत त्यांची नेहमी गफलत होते. पहिलींत पेटीजवळ एक व दूरच्या संचाजवळ एक असें लहान यंत्र बसवितात, आणि मधली तार केवळ त्या दोघांचीच असावी लागते. एचडी-बेस-टी हें नांव धारण करणारीं यंत्रें याच जातीचीं. त्यांची मजल शंभर मीटरांपर्यंत जाते. त्यांची तार घरांतील इंटरनेटच्या स्विचमध्यें खोंचली तर कांहींच दिसत नाहीं, आणि दोष बिचाऱ्या तारेला दिला जातो. दुसऱ्या पद्धतींत चित्राचे लहान लहान तुकडे करून ते संगणकाच्या मजकुराप्रमाणें पाठवितात. ते मात्र स्विचमधून खुशाल जातात. दोन्ही पद्धतींत मागच्या खोलींत तीच वाहिनी दिसते, जी बैठकींत चालू आहे. सून आणि सासरे यांच्या आवडी भिन्न असल्यास हा उपाय अपुरा पडतो, हें आधींच समजून घ्यावें.

दुसऱ्या पद्धतीची एक खोड ऐकणाराला विशेष जाचते. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो, म्हणून बैठकींतील आवाज दहा मीटरांवरील खोलींत तीन शतांश सेकंदांत पोंचतो. एवढा फरक कानाला सहसा कळत नाहीं. तो पांच शतांशांच्या पुढें गेला कीं बोलणें दुहेरी ऐकूं येऊं लागतें. चित्र दाबून, तुकडे करून, पुन्हा उलगडण्यांत याहून पुष्कळ अधिक वेळ जाऊं शकतो. मग क्रिकेटचा सामना चालू असतां बैठकींतील आरोळी आधीं ऐकूं येते आणि चेंडू मागाहून टाकला जातो. ज्याचे कान आधींच मंद, त्याला तर दोन आवाजांच्या गुंत्यांत एकही शब्द लागत नाहीं. अशा घरीं पहिली पद्धतीच बरी.

चंद्रपूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां गच्चीवरील तारेचा विचार निराळा करावा. तांब्याचा विरोध दर अंशामागें सुमारें ०.४ टक्क्यानें वाढतो. वीस मीटरांच्या घरांत याची चिंता नको. पण ऊन साध्या तारेचें आवरण तडकवितें, म्हणून बाहेर उन्हाला टिकणारी काळी तारच घ्यावी. शेजारच्या घरापर्यंत तर तांब्याची तार नेऊंच नये. पावसाळ्यांत जवळपास वीज पडली तर ती दोन्ही घरांतील संच निकामी करूं शकते, आणि माणसालाही धोका असतो. तेथें कांचतंतूची, धातूचा धागा नसलेली तार योग्य.

तार घेतांना टोक चाकूनें खरवडून पाहावें. आंत पांढरी धातु दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होय. ती स्वस्त खरी, पण लवकर तुटते. दिव्यांच्या तारांच्या नळींतून ही तार कधींही नेऊं नये. दोहोंत वीतभर तरी अंतर असावें. प्रत्येक खोलींतून निघालेली नळी एकाच कपाटाशीं आणावी. गिलावा होण्यापूर्वीं नळ्यांचें छायाचित्र काढावें, आणि कपाटांतील प्रत्येक टोकाला खोलीचें नांव लिहिलेली चिठ्ठी बांधावी.