पाणचक्की, औरंगाबादची
पाणचक्की, औरंगाबादची : झऱ्यांचे व भूमिगत पाझराचे पाणी खापरी नळांतून आणून त्याच्या पतनशक्तीवर धान्य दळण्यासाठी उभारलेली ऐतिहासिक चक्की व तिच्या भोवतीचे वास्तुसंकुल. हे स्थळ महाराष्ट्रातील औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरात खाम नदीच्या काठी महमूद दरवाजाजवळ आहे. दर्गा, मशीद, मदरसा, प्रवाशांच्या निवासाच्या ओवऱ्या, हौद, कारंजी आणि चक्की यांचा या संकुलात समावेश होतो. दख्खनच्या पठारावरील मध्ययुगीन जलव्यवस्थापनाचा जो वारसा अद्याप प्रत्यक्ष पाहता येतो, त्यात या स्थळाचे महत्त्व विशेष आहे. कारण येथे पाण्याचा उगम, वहन, साठवण आणि शक्ती म्हणून उपयोग या चारही अवस्था एकाच योजनेत गुंफलेल्या आढळतात.

पार्श्वभूमी : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने १६१० मध्ये खडकी या गावी नवे नगर वसविले. हेच नगर पुढे औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीत औरंगाबाद या नावाने ओळखले जाऊ लागले. खडकीजवळून वाहणारी खाम नदी उन्हाळ्यात आटत असे आणि जमीन कठीण काळ्या खडकाची असल्याने विहिरींचे पाणी वाढत्या वस्तीला पुरणे शक्य नव्हते. त्यामुळे मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने शहरात आणण्याची योजना अंमलात आणली. ती ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे मोगल काळात व निजामाच्या अंमलात याच धर्तीवर आणखी नहरी बांधल्या गेल्या. पाणचक्कीची नहर ही त्यांपैकीच एक होय. या तंत्राचे मूळ इराणमधील ‘कनात’ अथवा ‘कारेझ’ पद्धतीत आहे. बीदर येथील कारेझ आणि बऱ्हाणपूर येथील सतराव्या शतकाच्या आरंभीचा कुंडी भंडारा ही या पद्धतीची दख्खन व त्याच्या सीमेवरील अन्य उदाहरणे होत.

औरंगजेबाच्या दक्षिणेतील दीर्घ मोहिमेच्या काळात (१६८१–१७०७) मध्य आशियातून अनेक सैनिक, व्यापारी व सूफी साधक औरंगाबादेस आले. बुखाऱ्याच्या परिसरातून आलेले नक्शबंदी परंपरेचे बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे त्यांपैकी होत. पलंगपोश हे गाजीउद्दीनखान फिरोजजंग या सरदाराच्या सैन्याबरोबर फिरत असत, तर शाह मुसाफिर यांनी खामकाठी तकिया स्थापून तेथेच वास्तव्य केले. शाह मुसाफिर १७१४-१५ च्या सुमारास निवर्तले. त्यांच्यामागे गादीवर आलेले शाह महमूद यांच्या काळात संकुलाचा मोठा विस्तार झाला. या दोन्ही साधूंची वचने व आठवणी शाह महमूद यांनी फार्सीत संकलित केल्या. त्या काळच्या औरंगाबादेतील लोकजीवनाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

चक्कीच्या उभारणीचे श्रेय निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरी असलेल्या तुर्कताजखान या सरदारास आणि मशिदीसमोरील हौद व कारंजी यांचे श्रेय जमीलबेगखान यास दिले जाते. चक्कीच्या बांधकामाचे वर्ष म्हणून १६९५ हे साल पुष्कळ ठिकाणी नमूद केलेले आढळते. परंतु निजामुल्मुल्काने दख्खनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापिली ती १७२४ मध्ये आणि आसफजाह हा किताब त्यास लाभला तो त्यानंतर. त्यामुळे तुर्कताजखानाशी निगडित असलेले काम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पाण्याचा उगम : औरंगाबादच्या परिसरातील खडक दख्खन ट्रॅपचा, म्हणजे बेसाल्टाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. या थरांपैकी सच्छिद्र, भेगाळलेल्या व झिजलेल्या थरांत पावसाचे पाणी मुरते, तर घट्ट बेसाल्ट किंवा दोन थरांमधील तांबड्या मातीसारखा पट्टा पाण्याला खाली जाऊ देत नाही. अडलेले पाणी मग उताराच्या दिशेने आडवे सरकते आणि डोंगरउतार जेथे या सांध्याला छेदतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्याचप्रमाणे ओढ्यांच्या पात्राखालील वाळू व मुरुमाच्या थरांतूनही पाझर चालू असतो. पाणचक्कीची नहर हर्सूलच्या बाजूस, ओढ्यांच्या संगमाजवळ असलेल्या मूळ विहिरीपासून निघते. या विहिरीत आसमंतातील पाझर एकवटतो.

अशा झऱ्यांचे मान मर्यादित असते. चुनखडी व डोलोमाइट खडकांच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळून मोठी भुयारे तयार होतात आणि त्यांतून प्रचंड झरे बाहेर पडतात. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील ॲली स्प्रिंग या झऱ्यातून दररोज सरासरी सु. ३० कोटी लिटर पाणी वाहते आणि १८९४ मध्ये तेथे बांधलेली पिठाची चक्की थेट झऱ्याच्या मुखाशीच, जलचक्रीवर चालविली जात असे. बेसाल्टच्या प्रदेशात असा झरा दुर्मीळच. येथील झरे बारीक, विखुरलेले आणि पर्जन्यावर सर्वस्वी अवलंबून असतात. पावसाळ्याच्या अखेरीस ते भरात येतात व वैशाखात क्षीण होतात. म्हणून येथील कारागिरांना पाण्याच्या विपुलतेवर नव्हे, तर ते गोळा करण्याच्या, न सांडता आणण्याच्या आणि उंचावरून सोडण्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवावी लागली. पाणचक्कीच्या रचनेची गुरुकिल्ली याच गोष्टीत आहे.

नहरीची रचना : मूळ विहिरीपासून निघालेले पाणी प्रथम दगडी बांधणीच्या भुयारी मार्गाने आणि पुढे भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून अनेक किमी. अंतर तोडून शहरात येते. नळ जमिनीखाली, चुन्याच्या पक्क्या बांधकामात बसविलेले असतात. पाणी झाकलेले राहिल्याने त्याचे बाष्पीभवन होत नाही, त्यात कचरा पडत नाही आणि ते थंड राहते. मार्गात ठिकठिकाणी झडपेची तोंडे ठेवलेली असून त्यांतून उतरून गाळ काढता येतो.

बंद नळात पाणी पूर्ण भरलेले असले, म्हणजे ते सखल भागातून जाऊन पुन्हा आपल्या मूळ पातळीच्या जवळपास चढते. या तत्त्वाचा उपयोग नहरींत जागोजागी केलेला आहे. नळ उंच चौथऱ्यात किंवा मनोऱ्यात वर नेऊन तेथे तो उघडा सोडला, म्हणजे नळातील कोंडलेली हवा निघून जाते, अतिरिक्त दाबामुळे नळ फुटण्याचा धोका टळतो आणि गाळ खाली बसतो. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळावरील ‘उच्छ्वास’ याच हेतूने बांधलेले आहेत. पाणचक्कीजवळ नळ उंच भिंतीत चढविलेला असून तेथून पाणी हौदात पडते. कोणत्याही पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणाने पाणी असे उंचावर चढलेले पाहून सामान्य प्रेक्षकास नवल वाटते. प्रत्यक्षात उगमस्थान त्याहूनही उंचावर असल्यामुळेच हे शक्य होते.

चक्कीची यंत्रणा : पाणचक्क्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात चाक उभे असते व त्याचा आडवा आस दातेरी चक्रांच्या द्वारे जात्यास फिरवितो. रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकात वर्णिलेली चक्की या प्रकारची होय. दुसऱ्या प्रकारात चाक आडवे असून त्याचा उभा दांडा थेट जात्याच्या वरच्या तळीस जोडलेला असतो. यात दातेरी चक्रे लागत नाहीत, त्यामुळे रचना साधी व दुरुस्तीस सोपी असते. हिमालयाच्या उतारावरील ‘घराट’ या प्रकारचे असून औरंगाबादची पाणचक्कीही याच वर्गात मोडते.

चक्कीच्या जोत्याखालील कोठडीत पात्यांचे आडवे चाक बसविलेले आहे. उंचावरून येणारे पाणी अरुंद तोंडातून जोराने पात्यांवर आदळते व चाक फिरते. चाकाचा दांडा खालच्या स्थिर तळीच्या मध्यातून वर येतो आणि वरची तळी फिरवितो. धान्य वरच्या तळीच्या तोंडातून पडून दोन तळ्यांमध्ये भरडले जाते व पीठ कडेने बाहेर येते. तळ्यांतील अंतर कमीअधिक केल्याने दळण जाडे किंवा बारीक होते. तळ्या गुळगुळीत झाल्या की घरगुती जात्याप्रमाणेच त्यांना टाकी लावावी लागते.

या यंत्रणेपासून मिळणाऱ्या शक्तीची कल्पना साध्या हिशोबाने येऊ शकते. समजा, दर सेकंदाला २० लिटर पाणी ६ मी. उंचीवरून पडत आहे. अशा वेळी त्यापासून तात्त्विक दृष्ट्या सु. १,१८० वॉट शक्ती मिळते. साध्या आडव्या चाकाची कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास जात्यास सु. ४७० वॉट, म्हणजे अश्वशक्तीच्या सु. सहा दशांश इतकी शक्ती लाभेल. दीर्घकाळ हाताने जाते ओढणाऱ्या माणसाची शक्ती सु. ७५ वॉट मानली, तर ही चक्की सहा माणसांचे काम अहोरात्र, न थकता करू शकते. तकियात राहणारे फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी दररोज मोठ्या प्रमाणावर पीठ लागत असे. ज्या काळी घरोघरी पहाटेपासून बायकांना जात्यावर बसावे लागे, त्या काळी या चक्कीने वाचविलेल्या श्रमांचे मोल मोठे होते.

हौद व इतर वास्तू : मशिदीसमोरील आयताकृती हौद सु. ५० मी. लांब असून त्यात कारंजी आहेत. कारंज्यांनाही नळातील दाबानेच पाणी मिळते. या हौदाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा तळ हा खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. भक्कम खांबांवर व कमानींवर हा सर्व भार तोललेला आहे. छतावर सतत पाणी असल्यामुळे हे दालन कडक उन्हाळ्यातही गार राहते. त्याचा उपयोग प्रवाशांच्या विसाव्यासाठी होत असे. हौद भरून उरलेले पाणी खाली खाम नदीच्या बाजूस सोडलेले आहे. चक्की फिरविणे, कारंजी उडविणे, वजू व पिण्यासाठी पुरविणे आणि इमारत थंड राखणे अशी अनेक कामे एकाच प्रवाहाकडून करून घेतलेली आहेत. आवारात शाह मुसाफिर यांचा दर्गा असून हौदाकाठी जुना विस्तीर्ण वड आहे. येथील मदरशास ग्रंथसंग्रहाचीही परंपरा होती. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय याच आवारात आहे.

स्थलदर्शन : वेरूळ, अजिंठा व दौलताबाद पाहण्यास येणारे बहुसंख्य प्रवासी बीबी-का-मकबऱ्याबरोबर पाणचक्कीलाही भेट देतात. दोन्ही स्थळे एकमेकांच्या जवळ आहेत. पावसाळा संपल्यानंतरचे काही महिने भेटीस सर्वांत अनुकूल. त्या काळात नहरीस भरपूर पाणी असल्याने भिंतीवरून पडणारा प्रवाह व कारंजी पूर्ण जोमात असतात. दर्शकाने प्रथम नळ चढविलेली भिंत, मग हौद, त्यानंतर चक्की व शेवटी खालचे दालन अशा क्रमाने पाहिल्यास पाण्याचा प्रवास ध्यानात येतो. केवळ हौदाकाठी उभे राहून परतणाऱ्यास योजनेचा मोठा भाग, जो जमिनीखाली आहे, अज्ञातच राहतो.

सद्यःस्थिती व संरक्षण : पाणचक्कीचे अस्तित्व तिच्या इमारतीपेक्षा नहरीवर अधिक अवलंबून आहे. शहराचा विस्तार होत गेला तसतसे नहरींच्या मार्गांवर रस्ते व घरे उभी राहिली, खापरी नळ फुटले, गाळ काढण्याची तोंडे बुजली आणि बहुतेक नहरी निकामी झाल्या. जुन्या नहरींपैकी ज्या थोड्या चालू राहिल्या, त्यांत पाणचक्कीच्या नहरीची गणना होते. उगमाकडील भागात खोल विंधनविहिरी खोदल्याने भूजलाची पातळी खालावते व झरे लवकर आटतात, तर उघड्या पडलेल्या तोंडांतून सांडपाणी शिरण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होऊन चक्की थांबते, तेव्हा दोष चाकाचा नसून उगमाचा असतो.

या नहरींचा विचार आधुनिक संदर्भातही उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहरास मुख्यतः पैठणजवळील जायकवाडी धरणातून पाणी पुरविले जाते. तेथील जलाशयाची पातळी शहरापेक्षा सु. १०० मी. खाली असल्याने सर्व पाणी विजेच्या पंपांनी उचलावे लागते. नहरीचे पाणी मात्र डोंगराकडून स्वतःच्या उताराने येते. आजच्या लोकसंख्येची गरज नहरींनी भागणे शक्य नाही, हे उघड आहे. तथापि स्थानिक झऱ्यांचे व पाझराचे पाणी पूरक म्हणून वापरणे, त्यांच्या क्षेत्रात वनराई व मुरवणीची जमीन राखणे आणि वाहिन्यांचे मार्ग अतिक्रमणापासून मुक्त ठेवणे या गोष्टी साध्य होण्यासारख्या आहेत. पाणचक्कीचे जतन म्हणजे केवळ एका चाकाची व चार भिंतींची निगा नव्हे. हर्सूलच्या बाजूची मूळ विहीर, तिचे पाणलोट क्षेत्र आणि मधला संपूर्ण भूमिगत मार्ग यांचा एकत्रित सांभाळ केला, तरच चक्की फिरती राहू शकते.