घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे! स्लीप स्टडी कशासाठी करतात?



नौबाद, कारंजा धरण, मांजराकाठ, कुठंही असो, आपलं काम संध्याकाळी जाळं लावायचं आणि पहाटे उचलायचं. दिवसा डुलकी आली की आपण म्हणतो, जागरण झालंय. पण पुरेशी झोप होऊनही रोज सकाळी डोकं दुखत असेल, होडीत बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर कारण वेगळं असू शकतं.

त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. माणूस जोरात घोरतो, मधेच गप्प होतो, मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतो. रात्रभर हेच चालतं, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. बीपी आणि हृदयाचा त्रास वाढू शकतो. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

नुसत्या घोरण्यावरून निदान होत नाही, मोजावं लागतं. स्लीप स्टडीत एक रात्र डोक्याला, छातीला, पायाला तारा चिकटवतात, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. सुई नाही, दुखत नाही. काहींची तपासणी छोट्या मशीनवर घरीही होते.

श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा फार मंदावला की एक नोंद होते. मोठ्या माणसात तासाला 5 पेक्षा कमी नोंदी म्हणजे ठीक. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

तपासणीच्या दिवशी:
👉 केस धुवा, तेल लावू नका
👉 दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा नको
👉 दारू नको
👉 रोजच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा

उपाय आहे. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू सोडणं यानं फरक पडतो. जास्त त्रास असेल तर सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवते.

झोपलेल्याला स्वतःला काहीच कळत नाही. म्हणून वहिनी, ताई, घरातली पोरं, तुम्हीच लक्ष द्या. श्वास थांबताना दिसला तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बिदरच्या ब्रिम्स सरकारी दवाखान्यात आधी विचारून घ्या.

तोवर अशा माणसाला पाण्यावर एकटं पाठवू नका. डुलकी घरात लागली तर ठीक, धरणात लागली तर जीव जातो.