माशांच्या खाद्यांत लसूण

ज्यांच्या शेतांत तळें आहे आणि तळ्यांत रोहू, कटला वा मृगळ सोडले आहेत, त्यांस भाताचा कोंडा व भुइमुगाची पेंड समभाग कालवून घालण्याची रीत नवी नाहीं. त्यांत लसूण घातला असतां मासे अधिक जगतात काय, हा प्रश्न मात्र विचारार्ह आहे. कारण रोग शिरतांच प्रतिजैविकांचा मारा केला कीं, पुढें जंतूच त्या औषधांस दाद देईनासे होतात.

सन २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रोहूच्या पिलांस दर किलो खाद्यांत १, ५ व १० ग्रॅम याप्रमाणें लसूण ६० दिवस चारला, आणि मग एरोमोनास हायड्रोफिला नांवाचे जंतु त्यांच्या अंगांत मुद्दाम सोडले. माशांच्या अंगावर व्रण पाडणारे व पोट फुगविणारे ते हेच जंतु. लसूण खाल्लेलीं पिलें इतरांहून अधिक वांचलीं. तेव्हां मूठमूठ लसूण ओतणें म्हणजे अक्षरशः पैसा पाण्यांत टाकणें होय. १०० किलो माशांस रोज दोनतीन किलो खाद्य लागतें. त्यांत एखादी लहानशी गड्डी पुरे.

कृतींत मात्र हयगय चालत नाहीं. अखंड पाकळींत गुणकारी द्रव्य तयार नसतें. पाकळी ठेचली म्हणजे तें उत्पन्न होतें, आणि आंच लागली तर तें उत्पन्न करणारा घटकच निकामी होतो. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटें तसाच ठेवावा. कोंडा शिजवावयाचा असल्यास तो पूर्ण निवूं द्यावा, मगच लसूण मळावा, व घट्ट गोळे करून टोपल्यांत ठेवून पाण्यांत सोडावे. हळदीचा सत्त्वांश पाण्यांत विरत नाहीं. ती तेलांत खलून घालावी.

पेंड बुरसलेली असेल तर मात्र लसूण काय करणार? सन १९६० मध्यें इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या भुइमुगाच्या पेंडींतील बुरशीच्या विषानें. तें विष शिजवूनही जात नाहीं. अशी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

पहांटे मासे वर येऊन तोंडें वासूं लागले तर ती भूक समजूं नये. रात्रींत पाण्यांतील प्राणवायु सरलेला असतो. त्या दिवशीं खाद्य बंद ठेवून ताजें पाणी सोडावें.