नंदेसरीतून अचानक काढलं? राजीनामा देऊ नका, गावाकडे निघायची घाईही नको

बडोद्याजवळच्या नंदेसरी जीआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. कामासाठी गुजरात गाठणारे आपल्या भागातले काहीजण तिथंही पोचतात. अशा ठिकाणी नोकरी जाते ती दरवेळी कामातल्या चुकीमुळे नाही. सुपरवायझरला आपला माणूस लावायचा असतो, ओव्हरटाइमच्या पैशाबद्दल कुणी तोंड उघडलेलं असतं, नाहीतर दोन साहेबांच्या भांडणात तिसराच भरडला जातो. मग एका सकाळी गेटवर 'उद्यापासून येऊ नको' एवढंच ऐकायला मिळतं.

काढलेला माणूस 'माझ्याविरुद्ध राजकारण झालं' हे सिद्ध कसं करायचं यातच अडकतो. ते अवघडच. साहेबाच्या मनात काय होतं याचा कागद कुठं मिळणार? कायदा मात्र आधी दुसराच प्रश्न विचारतो: काढताना रीत पाळली का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली मुख्य रीत तिच्यातही आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला 'काम कमी आहे' म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्या कामावर शेवटी लागलेला साधारणपणे आधी जातो. जुन्याला काढून नव्याला ठेवलं तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. 'आपला माणूस' लावायचा डाव इथंच उघडा पडतो. चोरी, शिवीगाळ असा ठपका ठेवायचा असेल तर आरोप लेखी देऊन, कामगाराचं म्हणणं ऐकून चौकशी व्हायला हवी. सूड म्हणून, खोट्या प्रकरणात गोवून किंवा उघड खोटं कारण दाखवून काढणं याला संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा म्हटलंय.

हे सगळं एका सहीनं वाया जाऊ शकतं. 'राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो' असं म्हटलं की पैशाच्या अडचणीत असलेला माणूस सही करतो. मग कंपनी म्हणते, आम्ही काढलंच नाही, तो स्वतः गेला. खरं तर काढलेल्याचा असो की सोडून गेलेल्याचा, राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यावा असं वेतन संहिता सांगते. त्यासाठी राजीनाम्याची गरज नाही.

२४० दिवस भरल्याचा पुरावा कामगारालाच द्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गेटपास, पगाराची पावती, बँकेतल्या नोंदी, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक जपून ठेवावं. ठेकेदारामार्फत लागलेल्यानं तर पासबुकात मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच पाहावं. तोंडी काढलं असेल तर 'मला कामावर घ्या' असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पावती ठेवावी.

सीमेपलीकडच्या कामगाराची खरी अडचण पुढे आहे. नोकरी गेली की खोलीचं भाडं परवडत नाही, माणूस घरी येतो, आणि प्रकरण तिथंच राहतं. नोकरी नंदेसरीतली, म्हणून अर्ज बडोद्याच्या कामगार खात्यातल्या समेट अधिकाऱ्याकडे करायचा, गावाकडच्या कार्यालयात नाही. वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षं उलटली की समेटाची दारं बंद. अधिकाऱ्यानं ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तडजोड झाली नाही तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. म्हणून निघण्याआधी अर्ज देऊन पोच घेतलेली बरी.

लढून मिळतं काय? औरंगाबादच्या प्राथमिक शिक्षिका दीपाली सुरवसे यांना संस्थेनं २००७ मध्ये काढलं. शाळा न्यायाधिकरणानं २००९ मध्ये बडतर्फी रद्द करून पूर्ण थकीत पगार दिला, उच्च न्यायालयानं तो पगार काढून घेतला, आणि सर्वोच्च न्यायालयानं १२ ऑगस्ट २०१३ रोजी परत दिला. बेकायदा काढलेल्याला परत घेताना थकीत पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्या निकालात आहे. मधल्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, किंवा कमी पैशावर होतो, हे आधी कामगारानं सांगायचं. ते खोटं ठरवण्याची जबाबदारी मालकाची. गावी शेतात मजुरी केली असेल तर तीही सांगावी, लपवू नये. सहा वर्षं लागली, हेही खरंच.

व्यवस्थापकाचं काम करणारे, तसंच देखरेखीच्या कामावर महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारे या संहितेत 'कामगार' धरले जात नाहीत. त्यांना नेमणूकपत्रातल्या अटींवर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. पण नुसतं 'सुपरवायझर' असं पदनाव दिलं म्हणून हक्क जात नाही. हातून प्रत्यक्ष काम कोणतं होत होतं ते पाहिलं जातं.